वाताला संधी

१२ मार्च १९६१, नळदुर्ग
चाँदबीची बोटं आजही सकाळी मिटेनात. भाकरी तव्यावर जाण्याआधीच मोडली. मी मुकाट्यानं मोडकी खाल्ली — तिला वाटलं, नवरा रागावला!
गल्लीत हेच दुखणं आणखी दोघींना. बायकाच! पुरुष एकही नाही. का?

१३ मार्च
सापडलं! निजामाच्या काळात आम्ही याला गठिया म्हणायचो. आता कारभार मराठीत, म्हणून मराठीत विचार केला. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. आज कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो — एक काना इकडचा तिकडं होत नाही.
शब्द आहे संधिवात. वाताला संधी मिळते, तो! पुरुष बाहेर फिरतो. वारा येतो, जातो. बाई घरात, शिरलेला वारा मुक्कामच करतो. तेव्हा संधी द्यायचीच नाही. खिडक्या बंद. झरोक्यात चिंध्या.

१९ मार्च
चाँदबी — "अजी, दम घुटता मेरा! हात गया तो गया, जान तो रहने दो!"
शेजारची लक्ष्मम्मा — "मियाँ, बाईला अढीत घातलंय व्हय? कधी पिकायची?"
दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल
सोलापूरला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. संधीचा खुलासा मीच केला. त्या हसू दाबत म्हणाल्या, "मियाँ, इथं संधी म्हणजे सांधा."
चाँदबी परतीच्या एस.टी.त नळदुर्गपर्यंत पदरात हसत होती.
दुखणं असं — अंगातले पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून मारतात. नवं संशोधन आहे म्हणे. बायकांनाच जास्त का? "नक्की कुणालाच ठाऊक नाही. बाईचे पहारेकरी जास्त कडक असावेत."
हे पटलं. मला फसवायला आलेला माणूस चाँदबी दारातच ओळखते. पण तोच कडकपणा तिच्याच बोटांवर उलटावा? हा कुठला न्याय!
बोटं वाकडी होत जातील, हे बाईंनी तिला बाहेर बसवून मला एकट्याला सांगितलं. मी तिला सांगितलेलं नाही.

३ एप्रिल
खिडक्या उघडल्या. निर्गुडीचा शेक सुरू. पाला मी स्वतः निवडतो. किडकं पान एक चालत नाही.

२० जून
सूज उतरली! भाकरी अख्खी, गोल. निर्गुडीच! कचेरीसमोर सगळ्यांना बोलावून सांगितलं. चाँदबीला मात्र अन्नाचा वास सोसेना. उन्हाळा बाधला असेल.
लक्ष्मम्मा — "निर्गुडीचं न्हाय हो ते, मियाँ!" आणि नुसती हसते. अडाणी बाई.

२ जुलै
पुन्हा सोलापूर. बाईंनी निर्गुडीचं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "मियाँ, पोटात मूल वाढताना पुष्कळदा हे पहारेकरी नरमतात. बाळंतपणानंतर दुखणं परत यायचं, तयारी ठेवा."
मूल! थोरल्या लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं!
चाँदबीला सगळं सांगितलं — बोटांचंसुद्धा. एस.टी. स्टँडावर, सगळ्यांदेखत, तिनं माझा हात धरला. इतका घट्ट, की दुखला!