अकरा सह्या

१० फेब्रुवारी, सोमवार

परत पाठवलं! अकरा वर्षांत पहिल्यांदा!

सकाळी साडेसातपासून इमिग्रेशन ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सगळं घेऊन. बँकेचं पत्र — ते सात दिवसांत शिळं होतं, पाव असल्यासारखं. घराच्या नंबराच्या पाटीखाली उभं राहून काढलेला फोटो, कैद्यासारखा. घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा. भाडेकरार, घरनोंदीच्या निळ्या पुस्तकाची प्रत, घरमालकिणीच्या ओळखपत्राची प्रत, आणि ह्या सगळ्यांवर मिळून तिच्या अकरा सह्या. निळ्या शाईत. काळी का चालत नाही, ते विचारायची सोय नाही.

काउंटरवरची बाई — नखं मोरपंखी, आवाजात साखर — म्हणते, "मावशी, ही सही तुमच्या घरमालकिणीची नाही."

"मग काय माझी आहे?"

तिने गेल्या वर्षीची फाइल काढून शेजारी ठेवली. गेल्या वर्षी उराईताईची सही ऐसपैस, गोल, अर्धी ओळ व्यापणारी. यंदा तिळाएवढी. पहिली जरा तरी बरी, अकरावी म्हणजे मुंगी चिरडलेली. मी काल बघितलंही नव्हतं, तसेच कागद पिशवीत कोंबले होते.

"नीट करून आणा. चौदा मार्चपर्यंत आहे की वेळ."

चौदा मार्चला माझ्या व्हिसाची मुदत संपते. पंधराला मी ह्या देशात बेकायदा. एकाहत्तराव्या वर्षी! मायदेशी, डंडीत, आता ना घर, ना कुणी दार उघडणारं. जायचं कुठे?

आणि ही उराईताई! पस्तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती. अर्ध्या गावाचं अक्षर तिने वळवलंय. माझ्या कागदावर मात्र कशीतरी खरड उरकून मोकळी!

११ फेब्रुवारी

नवे कागद वर तिच्याकडे दिले. (ती वरच्या मजल्यावर, मी खाली. अकरा वर्षं हेच.) म्हटलं, "ऑफिसवाल्यांना सही आवडली नाही. नीट कर ह्या वेळी." काहीतरी पुटपुटली. हल्ली पुटपुटतेच. मुद्दाम! म्हणजे मी पायरीवर उभी राहून "काय? काय?" करत राहावं.

शेवटी कळलं ते एवढंच — "उद्या."

नकाशासुद्धा दर वर्षी तीच काढायची. समुद्र, देऊळ, आणि कोपऱ्यात हटकून एक माकड. यंदा म्हणाली, तूच काढ. काढला. माझं देऊळ खुराड्यासारखं दिसतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माखा पौर्णिमा, बुद्धाचा सण. ऑफिस बंद, बँक बंद, सगळं बंद. संध्याकाळी देवळात गेलो, मेणबत्ती आणि कमळ घेऊन तीन फेऱ्या घालायला. दर वर्षी आम्ही बरोबरीने चालतो. यंदा ती मागे मागे. मी सावकाश चालले तर ती आणखी सावकाश. मी थांबले तर तीही जागच्या जागी थांबली, पाय चिकटल्यासारखी. एक फेरी घालून बाकावर बसली.

माझ्याबरोबर चालायचं नसेल तर तसं सांग ना!

आणि चेहरा! अकरा वर्षं ह्या बाईचं हसू बघून मी सकाळ सुरू केली. आता भिंत. मी बोलते, ती बघते, एक रेघ हलत नाही. मी काय केलंय हिचं?

१४ फेब्रुवारी

"उद्या."

१६ फेब्रुवारी, रविवार

हॉर्स्टने डोक्यात किडा सोडला. हॉर्स्ट म्हणजे आमच्या इथल्या म्हाताऱ्या परदेशी मंडळींचा व्हिसापंडित. हॅनोव्हरला बस चालवायचा. दर रविवारी किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात दरबार भरवतो, आणि दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला द्यायची हजेरी कुणाची कधी आहे ते त्याला तोंडपाठ.

"सही टाळते? मग घर विकायचं ठरलंय, मो. इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. उद्या म्हणतात. तू एवढी वर्षं राहिलीस आणि तुला हे कळू नये?"

मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस, उराईताई तशी नाही.

"सगळ्यांची घरमालकीण तशी नसते. मग एक दिवस गेटवर पाटी लागते."

घरी येईपर्यंत गेटकडे बघायची हिंमत होईना. पाटी नव्हती. अजून.

१९ फेब्रुवारी

पहाटे पाचला जिन्यावर चपला फरफटत खाली. फर्र, फर्र, फर्र. बरोबर माझ्या उशाशी. पूर्वी मांजरासारखी उतरायची, मला कळायचंही नाही. माणसाला हाकलायचं असेल तर झोप मोडण्यासारखा दुसरा उपाय नाही!

सातला तिच्या गाडीवर गेले. गेटबाहेरच लावते — खनोम क्रोक, नारळाच्या दुधाचे इवलेसे आप्पे. लांबूनच करपल्याचा वास. तव्यातला एक घाणा काळा झालाय आणि ही बाई त्याच्यासमोर बसून रस्ता बघतेय! "अगं जळतंय!" मी ओरडले तेव्हा खाली बघितलं. नाकासमोर जळतंय आणि हिला पत्ता नाही. धंद्यातही लक्ष नाही. गाशा गुंडाळायचा असला की असंच होतं.

वर माझा पुडा डाव्या हाताने पुढे केला. डाव्या! उजवा खिशात. मी इथे आले त्याच आठवड्यात हिनेच मला शिकवलं होतं — "डाव्या हाताने द्यायचं नाही, मो. लोकांना अपमान वाटतो." 

वाटला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहिते, म्हणजे डोकं थंड होईल.

सकाळी दाराखालून कागद सरकवलेले. सही केलेली! हातात द्यायचीही तसदी नाही. आणि सह्या — आधीच्या बऱ्या म्हणायच्या. तरीही गेले, बँकेचं ताजं पत्र काढून. मोरपंखी नखांनी एकेक पान उलटलं आणि मान हलवली. "मावशी, ताईंना सही येत नसेल तर अंगठाही चालतो. दोन साक्षीदार घेऊन त्यांनाच इकडे आणा."

अंगठा! मास्तरणीला!

भर उन्हात घरी आले. गाडीवर चार-पाच गिऱ्हाईकं होती. मला थांबायला हवं होतं. नाही थांबले. कागद तिच्यासमोर आपटले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "पस्तीस वर्षं मुलांना अक्षरं गिरवायला लावलीस ना? आता जमत नसेल तर अंगठा लाव! तेवढं तरी येतं का?"

दोघं-तिघं एकदम आपापल्या फोनमध्ये शिरले. उराईताईने पिठाची किटली खाली ठेवली. चेहरा तसाच, दगड. लाजली नाही, चिडली नाही, काही नाही. एवढं बोलूनही बाईला काही वाटत नसेल तर संपलंच!

बोलले ते बोलले. चुकीचं नाही बोलले.

२५ फेब्रुवारी

गाडी लागली नाही.

२६ फेब्रुवारी

आजही नाही. शेजारच्या दुकानदारीणबाई विचारत होत्या, "तुमच्या ताई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, त्यांनाच विचारा.

कागद मात्र ती वर घेऊन गेलीय. कोऱ्या प्रतीही मागितल्या, लमयाईकरवी — ही तिची भाची, धुणं न्यायला येते. "मावशी म्हणते, कोरे कागद आणखी द्या. पुष्कळ द्या." पुष्कळ कशाला? अकरा सह्यांना पुष्कळ कागद? दिले. आणि निळं पेनही दिलं, म्हणजे ती सबब नको.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सुतार आला! टेप घेऊन जिना मोजतोय. रुंदी, उंची, भिंतीपासूनचं अंतर, सगळं वहीत लिहितोय.

"कशासाठी?"

"मावशी, मला काय माहीत! मोजायला सांगितलंय, मोजतोय."

"कुणी घर घेतंय का?"

"मी जिना मोजतोय, मावशी. घर नाही."

हसला वर. हॉर्स्ट म्हणतो, गिऱ्हाईक येण्याआधी लोक जिना दुरुस्त करतातच.

३ मार्च

थानिनचा फोन. उराईताईचा मुलगा, बँकॉकला असतो. म्हटलं, आता हाच सांगणार घराचं. तर हा वेगळंच.

"मो मावशी, आई कशी आहे? फोनवर काय बोलते तेच ऐकू येत नाही. ठीक आहे, ठीक आहे, एवढंच. मी म्हणतोय, इकडेच घेऊन येतो. एकोणिसावा मजला आहे, पण लिफ्ट आहे. ती ऐकतच नाही."

मी म्हटलं, "तुझी आई ठणठणीत आहे. माझ्यावर रुसायला अंगात भरपूर ताकद आहे तिच्या."

हसला. "बरं झालं. तुम्ही नर्स, तुम्ही खाली आहात म्हणून मी निर्धास्त असतो."

बघा! मुलगा घेऊन जायला बसलाय, म्हणजे घर जाणारच. आणि मला कुणी एका शब्दाने सांगणार नाही. मी कोण? खालची भाडेकरू.

५ मार्च, बुधवार

ठरवलं. हॉर्स्टच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, समुद्र नाही. पण मालक त्याच दिवशी सगळे कागद करून देतो, सही छापल्यासारखी. सोमवारी ऑफिसात जाईन.

दोन खोकी भरली. कपबश्या, पुस्तकं, औषधं. तिने दिलेली चटई भरू की ठेवू, ह्यावर अर्धा तास घालवला. मूर्ख म्हातारी मी!

पहिल्या वर्षी मला डेंग्यू झाला होता. नऊ दिवस ही बाई दिवसातून चार वेळा पेज घेऊन तो जिना उतरली. मी म्हणायची, नको गं, मी नर्स आहे, बघते माझं मी. ती म्हणायची, "नर्स आजारी पडली की पेशंटच असते. गप पी." त्याच बाईला आता अकरा सह्या जड झाल्या? रडू आलं आज. रागानेच आलं.

शुक्रवारी वर जाऊन किल्ली तिच्या टेबलावर ठेवणार, आणि एक अक्षर बोलणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

दार उघडं होतं. ती न्हाणीत होती. टेबलावर किल्ली ठेवायला जागा नव्हती — माझे कोरे कागद आणि शाळेच्या वह्या, पाच. पानापानावर तिचं नाव. प्रत्येक ओळ ऐसपैस सुरू होते, मग लहान, मग आणखी लहान, मग तीळ. पुन्हा नवी ओळ, पुन्हा मोठी, पुन्हा तीळ. वर तारखा, मास्तरणीसारख्या. अकरा फेब्रुवारीपासून एक दिवस चुकलेला नाही.

पार्किन्सन. हात कापायला लागायच्या आधीच अक्षर बारीक होतं, आवाज बसतो, वास येईनासा होतो, पाय फरफटतात, चेहरा हलायचा थांबतो. डंडीला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात अडतीस वर्षं मी हे नव्या पोरींना शिकवलं. इथे महिनाभर रोज लिहून ठेवलं, एकही लक्षण न सोडता. तक्रार म्हणून!

ती भिंत धरत बाहेर आली. मी वह्या बघतेय हे बघितलं.

"तू ओळखणार हे माहीत होतं. तू नाव घेतलंस की खरं होणार. मग थानिन मला नेणार, आणि तुला खाली कोण ठेवणार? जिन्याला दुसरा कठडा लावते म्हटलं, काढू एखादं वर्ष." मग उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. "आण शाई. अंगठा लावते."

मी पट्टी घेतली आणि करारावर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, चांगल्या लांब लांब. "दोन्ही रेघांना टेकव."

"हे मी पहिलीच्या पोरांना सांगायची," ती म्हणाली.

टेकली. दहा राहिल्या, दिवस सात. माझी खोकी बांधलेलीच आहेत. ती उद्या वर न्यायची, आणि तिला खाली आणायचं.