तुझा चाळीस सेकंदांचा सोलो

करंजाडे, पनवेल
रविवार, १२ ऑक्टोबर २०१४

प्रिय शैल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. कॉलेजात तुझी निम्मी जर्नल्स याच अक्षरात सबमिट झाली होती. मस्कतचा पत्ता प्रितेशकडून मिळाला. तो म्हणाला, पत्र कसलं पाठवतोस, ई-मेल कर. पण गेल्या पाच वर्षांत मी तुला तीन मेल केले आणि त्यातल्या एकालाच उत्तर आलं. तुझे बाबा गेल्याचं कळवलं होतं, त्याला. ‘कळवलंस, बरं झालं,’ एवढंच लिहिलं होतंस. मेल पुसून टाकता येतो. पत्र निदान काही दिवस घरात कुठेतरी पडून राहतं, म्हणून हा खटाटोप.

आधी माझं सांगतो. मी अजून तळोज्यालाच आहे, त्याच कंपनीत, आता क्वालिटी लॅबमध्ये. दोन वर्षांपूर्वी करंजाड्याला फ्लॅट घेतला. इथे सगळंच नवीन आहे. रस्ते रुंद, झाडं गुडघ्याएवढी, आणि माझ्या मजल्यावरच्या चार दारांपैकी दोनांवर अजून पाट्या लागलेल्या नाहीत. भावनाची नाशिकला बदली झाली, बढतीवर. लेक रियाही आईबरोबरच गेली, तिकडे अकरावीला आहे. वर्षभराचाच प्रश्न आहे, असं आम्ही ठरवलं होतं. आता दोन वर्षं झाली आणि परत येण्याचा विषय कोणी काढत नाही. मीही काढत नाही. रोज संध्याकाळी फोन होतो. जेवलास का, गॅस आला का, रियाला सर्दी आहे. मग फोन ठेवतो. भांडण असं काही झालेलं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आता हसू नकोस. मी सोलो वाजवायला शिकलो. तू पुढे उभा राहून वाजवायचास आणि मी मागे स्टुलावर बसून कॉर्ड धरायचो, तो मी. तेव्हा मला कधी पुढे यावंसंही वाटलं नाही, खरंच. मला आवडायचं तुझ्याखाली वाजवायला. तू वर कुठेतरी भटकत असायचास आणि परत यायला जागा असावी म्हणून मी खाली ताल धरून बसलेला असायचो. माझं काम तेवढंच होतं आणि ते मला जमायचं.

शिकायला वेळ किती, तर दिवसाला बावीस मिनिटं. कंपनीची बस सहा चाळीसला कोपऱ्यावर येते. आंघोळ, चहा, डबा उरकून मागे उरतात ती बावीस मिनिटं. संध्याकाळी परत येईपर्यंत बोटांत आणि डोक्यात काहीच शिल्लक नसतं. बावीस मिनिटांत तीन-चार सूर पक्के होतात, त्यातले दोन दुसऱ्या दिवशी हातातून गेलेले असतात. चाळीस पार केलेल्या माणसाची बोटं ऐकत नाहीत रे. करंगळी तर पाहुण्यासारखी नुसती बाजूला उभी राहते. पण मी एक ठरवून टाकलं, आठवड्याला एकच तुकडा घ्यायचा. मेट्रोनोमची टकटक अगदी संथ ठेवायची, इतकी संथ की एका सुरापुढे दुसरा सूर आहे हेही कळू नये, आणि चुकलं नाही तरच दर सोमवारी थोडा वेग वाढवायचा. असे चौदा महिने गेले.

सोलो कुठला, ते तुझ्या लक्षात आलं असेल. पंच्याण्णवच्या गॅदरिंगमधला, तू स्वतः बांधलेला. प्रितेशने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून तो टेप केला होता, ती कॅसेट माझ्याकडे राहिली. मी ती कॉम्प्युटरवर घेतली आणि निम्म्या वेगाने ऐकत बसलो. चाळीस सेकंदं आहेत फक्त. त्यात कोणीतरी खोकतं, कोणीतरी ‘बसा खाली’ म्हणतं, आणि खालून माझे कॉर्ड ऐकू येतात. एका ठिकाणी मी उशिरा पोचलो आहे. तू तिथे एक सूर लांबवून मला सांभाळून घेतलं होतंस. तेव्हा मला ते कळलंही नव्हतं. एकोणीस वर्षांनी कळलं, सकाळी साडेसहाला, हातात गिटार घेऊन.

तिसऱ्या ओळीने माझा जीव काढला. तू बाराव्या फ्रेटच्या वर जाऊन दुसरी तार ओढतोस आणि सूर पूर्ण वर नेऊन तिथेच धरतोस. माझा सूर निम्म्यावरच लटकायचा, दाढ दुखल्यासारखा. दोन महिने मी एकट्या तिसऱ्या बोटाने ती तार ओढत होतो. मग यूट्यूबवर एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने दाखवलं, की मागची दोन बोटंही त्याच तारेवर ठेवायची आणि तिघांनी मिळून ओढायची. त्या दिवशी सूर पोचला. सांगायला घरात कोणी नव्हतं. बस चुकली, ते मात्र रिक्षावाल्याला सांगितलं.

हे सगळं कशासाठी, ते आता सांगतो. लिहिताना जरा अवघड वाटतंय.

तुझे बाबा गेल्यापासून मी लाइन आळीत तुमच्या घरी काकूंकडे जात असतो. आधी महिन्यातून एकदा जायचो, भावना नाशिकला गेल्यावर दर रविवारी जाऊ लागलो. मी काही फार मोठं करत नव्हतो. मलाही रविवारी कुठेतरी जायचं असायचं. औषधं आणायची, विजेचं बिल भरायचं, चहा प्यायचा. दिवसभर त्यांच्याजवळ सखूबाई असते. नव्या विमानतळाच्या जागेत तिचं गाव जाणार असं ठरलंय, तरी रोज तिथून येऊन काकूंचं सगळं प्रेमाने करते. दोन वर्षांपूर्वी सखूबाईच मला जिन्यात थांबवून म्हणाली, “भाऊ, आजी रोज दोन ताटा मांडतंय. मी इचारला तं बोलली, पोरगा येनार हाय.”

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. आधी त्या नावं विसरल्या. मग मी कोण, ते विसरल्या. कधी मला विजेच्या ऑफिसातला माणूस समजायच्या, कधी बाबांचा कोणी सहकारी. तू मात्र त्यांच्या लक्षात होतास. शैलेश कधी येणार, हे दर रविवारी विचारायच्या आणि मी ‘सुट्टी मिळाली की’ असं काहीतरी सांगायचो.

गेल्या वर्षी एका रविवारी मी गिटारच्या तारा बदलून घेऊन तसाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पिशवी पाहिली आणि एकदम उठून बसल्या. वाजव म्हणाल्या. मी वाजवलं, म्हणजे मला येत होतं ते, कॉर्ड. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “तू तो नाहीस. तो एकेक तार वाजवायचा.”

त्या दिवशी घरी येऊन मी कॅसेट शोधली.

मग दर रविवारी मी आठवड्याचा तुकडा त्यांना वाजवून दाखवायला लागलो. तुझी आई काय ऐकायची, हे तुला तरी कधी कळलं होतं का? तू आतल्या खोलीत तासन्‌तास घासत बसायचास आणि त्या ओट्याशी असायच्या, त्यांना सगळं पाठ आहे. स्वतःचं आडनाव आठवत नाही, पण दुसऱ्या ओळीत मी थांबलो की हात वर करतात. “इथे तो दम घेत नाही,” असं एकदा म्हणाल्या. घरी जाऊन कॅसेट ऐकली. खरंच तू तिथे दम घेत नाहीस.

जूनमध्ये पहिल्यांदा सगळा सोलो न अडखळता झाला. शेवटचा सूर विरला तेव्हा काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. वळल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “शैलेश, जेवलास का?”

मी हो म्हणालो असतो तरी खोटं ठरलं असतं, नाही म्हणालो तरी खोटंच. मी नाही म्हणालो. त्यांनी सखूबाईला अळूची भाजी गरम करायला लावली आणि समोर बसून मला वाढलं. जेवण झाल्यावर खोबरेलाची वाटी आणली, माझा डावा हात मांडीवर घेतला आणि बोटांच्या टोकांना, त्या घट्ट्यांना, एकेक करून तेल चोळलं. तुला हे त्या रोज करायच्या, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

शैल्या, मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. जून ते ऑक्टोबर मी गप्प बसलो. स्वतःला सांगत होतो, की त्यांना आनंद होतोय ना, मग झालं. तेही खरंच होतं. पण त्यापेक्षा खरं हे, की मला ते सोडवत नव्हतं. आठवडाभर मला कोणी नावानेही हाक मारत नाही. कंपनीत मी ‘लॅबवाले साहेब’, सोसायटीत फ्लॅटचा नंबर. आणि रविवारी एक बाई दारात आवाज आला की ताट मांडायची, बारीक झालास म्हणायची, केसांवरून हात फिरवायची. नाव तुझं असलं तरी हात तर माझ्या डोक्यावर होता. तू आलास तर हे संपेल, म्हणून मी तुला कळवलं नाही. चौदा महिने सोलो शिकण्यात गेले, त्याचा मला अभिमान आहे. पुढचे चार महिने मी तुझ्या जागेवर बसून होतो, त्याची मला लाज वाटते. मागे स्टुलावर बसणाऱ्या माणसाला पुढे उभं राहायची सवय लागली, की तोही हटत नाही बघ.

मागच्या रविवारी तेल लावता लावता त्या थांबल्या. माझा हात त्यांच्या हातातच होता. म्हणाल्या, “त्या दिवशी जिन्यावरून तू मला तीनदा हाक मारलीस. मी दाराच्या आतच उभी होते. कडीवर हात होता माझा. मागून हे म्हणाले, उघडलंस तर तूही त्याच्याबरोबर जा. मी कडी काढली नाही.” मग विचारलं, “अजून रागावलास का?” सत्त्याण्णव साली तू बाबांशी भांडून निघालास, तेव्हा मी तुला एस.टी. स्टँडवर सोडायला आलो होतो. बाबांचं काही नाही, पण आईसुद्धा बाहेर आली नाही, एवढंच तू म्हणाला होतास, आणि त्यानंतर आजपर्यंत तिचं नाव काढलं नाहीस. मला ‘नाही’ एवढा एक शब्द बोलायचा होता. त्यांना बरं वाटलं असतं. तुझा सोलो वाजवला, तुझ्या ताटात जेवलो, पण तो शब्द माझ्या तोंडून निघेना. तो माझा नव्हताच. आज सकाळी गेलो तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. आताशा त्या फार थोडं खातात, खुर्चीतून उठतही नाहीत, पण हे त्यांच्या लक्षात राहिलंय. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, काकू, मी अविनाश, शैलेशचा मित्र. तो मस्कतला आहे. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, “मग त्याला विचार.” म्हणून विचारतोय. उत्तर मला कळवू नकोस. त्यांना येऊन सांग, लवकर.

तुझाच,
अविनाश