काट्यावर सांडलेला मापभर मका विकत मिळणेबाबत

प्रति,
मा. धान्य पुरवठा अधिकारी,
पुरवठा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : इंधन कारखान्याच्या वजनकाट्यावर सांडणाऱ्या मक्यातून रोज एक माप मका जुन्या दराने विकत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) ते इंधन शाखेकडे वर्ग केल्याचे आपले पत्र.

महोदय,

"बोललेलं माप आखडायचं नाही, सूनबाई. आणि पाणी घालून वाढवायचंही नाही." माझ्या सासूबाईंनी हे मला त्यांचे पितळी माप हातात देताना बजावले होते. त्या आता नाहीत. माप आहे, आणि या अर्जाचे कारणही तेच आहे.

१. माझे यजमान चौदा महिने कामाविना घरी होते. तेव्हा मी देवापुढे बोलले की, यांना काम लागू दे, मी रोज सकाळी एक माप मक्याच्या कण्या शिजवून दवाखान्याच्या फाटकावर बसणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना वाढीन. नवव्या दिवशी काम लागले. मक्यापासून गाड्यांचे इंधन करणाऱ्या नव्या कारखान्यात, मक्याच्या ट्रकांचे वजन करायला. देवाने ऐकले, थोडे जास्तच ऐकले, असे आता मनात येते व मी लगेच कान धरते.

२. कारखाना सुरू झाल्यापासून आमच्या वाण्याकडे मक्याचा भाव दुपटीवर गेला. वाणी म्हणतो, "ताई, पोती माझ्या दारावरूनच जातात हो, पण थांबत नाहीत." कोंबड्यांचे खाद्य महागले म्हणून अंडी महागली, पेंड महागली म्हणून दूध. शेजारच्या डाळीच्या रानातही आता मकाच उभा आहे, म्हणून डाळही. माझ्या खिडकीतून जिकडे पाहावे तिकडे मका दिसतो, आणि माझा डबा रिकामा.

३. पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने कळविले की, सदर मका इंधनाचा कच्चा माल असल्याने तो अन्नधान्यात मोडत नाही. इंधन शाखेतील साहेबांनी मला नमुना दिला. त्यात वाहन क्रमांक व टाकीची क्षमता विचारली आहे. मी नम्रपणे म्हणाले, "माझ्याकडे पातेले आहे." ते म्हणाले, "बाई, पातेल्याचा रकाना नाही. पुरवठ्याकडे जा." दुसऱ्या अर्जाचेही तसेच झाले. दोन्ही कार्यालये एकाच जिन्यावर आहेत. तो जिना मी सात वेळा चढले.

४. कारखाना बंद करा, असे मी मागू शकत नाही. तो बंद झाला तर यांचे काम जाईल. चालू राहिला तर माझा नवस मोडेल, आणि नवस मोडल्यावर यांचे काम राहील याची मला खात्री नाही. यजमान म्हणाले, "अगं, तू माझ्या पगाराविरुद्ध अर्ज करतेस की माझ्या बाजूने?" एके दिवशी त्यांनी खिशातून दोन मुठी मका आणला. मी तो परत नेऊन ठेवायला लावला. चोरीच्या दाण्याने बोललेले फिटत नाही. तेव्हापासून आम्ही जेवताना बोलत नाही.

५. आणखी एक गोष्ट कबूल करते, कारण अर्जाखाली खरेपणाची सही करायची आहे. गेले तीन आठवडे मी अर्ध्याच मापात पाणी वाढवत होते. फाटकावर एक आजोबा बसतात. त्यांची बायको दवाखान्यात वरच्या मजल्यावर दाखल आहे. मी वाढते ते सोडून दिवसभर ते काही खात नाहीत. परवा वाटीत डोकावून म्हणाले, "पोरी, आज माझा चेहरा स्पष्ट दिसतोय यात." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन देवाला दिवा लावला आणि कान धरले.

६. काट्यावर रोज सूपभर मका सांडतो. तो झाडून पुन्हा इंधनाच्या हौदात टाकतात, कारण आत आलेला दाणा फाटकाबाहेर जाऊ नये असा नियम आहे. त्यातील एक माप मला जुन्या दराने, पावती करून द्यावे. दाण्यात माती असली तरी चालेल. मी निवडून घेईन.

आज माप पूर्ण भरले आहे. आमच्या दोघांच्या भाकरीसाठी ठेवलेले दाणे त्यात गेले. यजमानांनी पाहिले, आणि कामावर जाताना जेवणाचा डबा रिकामाच उचलला. उद्याचे मला माहीत नाही, म्हणून हा अर्ज. तो आवक खिडकीत देऊन मी तशीच दवाखान्याकडे निघते. पातेले जिन्याखाली झाकून ठेवले आहे, आणि कण्या अजून गरम आहेत.

आपली नम्र,
(सही)
काट्यावर वजन करणाऱ्याची पत्नी

सोबत : इंधन शाखेचा नमुना. वाहन क्रमांक कोरा. टाकीची क्षमता – एक माप.