उष्ट्या ओहेलोंबाबत

दिनांक : १९ ऑगस्ट

प्रति,
मा. क्षेत्र अधिकारी,
ज्वालामुखी संरक्षित क्षेत्र, पूर्व कचेरी,
हवाई बेट.

विषय : अर्जदारास विवराच्या काठावर जाण्यास घातलेली बंदी उठवणेबाबत, आणि ती उठवायची नसल्यास शेवटच्या परिच्छेदात मागितलेली दुसरी गोष्ट करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस. २) माझा पहिला अर्ज, ज्याला उत्तर नाही. ३) माझा दुसरा अर्ज, ज्याला उत्तर म्हणून आपण नेने पक्ष्यांच्या संवर्धनाचे माहितीपत्रक पाठवलेत.

महोदय (रीत आहे म्हणून लिहिते),

१. अर्जदार हारिएट काआइहुए, राहणार माउंटन व्ह्यू, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. माझी आत्या मिलिका माझ्याकडे असते. वय एक्याण्णव. दर उन्हाळ्यात जुन्या लाव्हावरची ओहेलोची झुडपं लाल झाली की मी तिला काठावर घेऊन जाते. फळांनी लगडलेली पहिली फांदी तोडायची, ती विवराकडे तोंड करून ज्वालामुखीची देवी पेले हिला वाहायची, आणि मगच आपल्या तोंडात पहिलं फळ घालायचं. डोंगर तिचा, झुडपं तिची, आपण पाहुणे. आमच्या घरात लहान पोरसुद्धा हा क्रम मोडत नाही, आणि मोडलाच तर पाठीत धपाटा बसतो. आपल्याला तो वेळेवर बसला नाही, एवढाच फरक.

२. त्या दिवशी काय घडले ते आपल्या नोटिशीत अर्धेच आहे, म्हणून पूर्ण लिहिते. आत्या घडीच्या खुर्चीवर बसली होती. मी चांगली फांदी शोधत होते. एवढ्यात आपण गणवेशात आलात आणि हे झुडूप कुठल्या कुळातले, ब्लूबेरीचे ते कसे नातेवाईक लागते, हे आम्हाला समजावून सांगू लागलात. आम्ही ऐकून घेतले. मुख्यभूमीवरून नुकती बदली झालेल्या माणसाला बोलायला कोणी मिळत नसेल, असे मला वाटले. पण बोलता बोलता आपण मूठभर फळे ओरबाडलीत आणि आमच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकलीत. वर तोच हात आत्यापुढे करून म्हणालात, "आजी, लाजू नका, घ्या. गोड आहेत."

आत्याने मान फिरवली. ती लाजली नव्हती. ती माझ्याकडे बघून आमच्या भाषेत म्हणाली, "याच्या आईनं याला उपाशी ठेवलं होतं का गं?" आपण हसलात. आपल्याला वाटले, तिने आभार मानले.

३. मी घाईघाईने हातातली फांदी विवराकडे वाहिली. त्यावर आपण शिट्टी वाजवलीत, माझे नाव लिहून घेतलेत, आणि पुढच्या आठवड्यात नोटीस आली की अर्जदाराने "विवरात वनस्पतीजन्य कचरा टाकला", सबब वर्षअखेरपर्यंत काठावर येण्यास मनाई. ही ओळ वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तो अजून शमलेला नाही. महोदय, कचरा टाकतात. उरलेला भात टाकतात. फांदी वाहतात. आपल्या आईच्या थडग्यावर आपण फुले ठेवत असाल तर तिथल्या रखवालदाराने आपल्याला शिट्टी मारावी काय? पर्यटक त्या विवरात दारूच्या बाटल्या भिरकावतात, त्यांच्यासाठी आपण कुंपणाशी सुंदर बाक बसवले आहेत. नेने पक्षी दिवसभर ओहेलो खातात, एक फळही पेलेला देत नाहीत, आणि त्यांचे मात्र आपण संवर्धन करता.

४. इथवर हा माझा संताप होता. आता काम.

आत्याने त्या दिवसापासून ओहेलोला हात लावलेला नाही. मला वाटले, माझी फांदी घाईत गेली म्हणून असेल. मला बंदी, म्हणून माझे यजमान सॉलोमन जाऊन दुसरी फांदी वाहून आले, मनापासून, टोपी काढून. आत्या म्हणाली, "त्यानं काय होतंय? वाहायच्या आधीच त्या पोरानं खाल्लं. या वर्षीचं सगळं उष्टं झालं. तिच्या ताटात उष्टं वाढायचं आणि वर आपणही खायचं, मी नाही खाणार." सॉलोमननी हरतऱ्हेने समजावले. चर्चचे पाद्री येऊन बसले, तेही समजावून थकले. जाताना त्यांनीच बशीतली चार फळे खाल्ली, त्यावरून आत्या त्यांच्याशीही बोलत नाही.

हे हसण्यावारी नेऊ नये. जुलैपासून आत्याचे जेवण तुटले आहे. अळूच्या कांद्यांची पोई दोन बोटे चाटते, मासळीचा वास नको म्हणते. डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावून सांगितले की आता पथ्य नाही, तिला जे खावेसे वाटेल ते द्या. तिला काय खावेसे वाटते ते मी विचारले. म्हणाली, ओहेलो. मी बशी भरून समोर ठेवली. ती बराच वेळ बघत बसली आणि मग बोटाने बशी लांब सारली. महोदय, माझी आत्या भुकेली आहे, फळे माझ्या परसात लालबुंद लगडली आहेत, आणि मला ती तिच्या तोंडात घालता येत नाहीत. मला आपला राग येतो. रोज सकाळी उठल्यावर पहिला आपलाच येतो.

५. काल मी शेवटचे विचारले, की मग हे निस्तरायचे कसे? आत्या म्हणाली, "ज्यानं आधी खाल्लं त्यानं द्यावं. पोरगा वाईट नाहीये. त्याला कुणी सांगितलं नाही."

मी तिच्याएवढी चांगली नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. तरी तिचे म्हणणे जसेच्या तसे आपल्यापुढे मांडत आहे.

६. सबब विनंती की, माझ्यावरची बंदी आपण खुशाल ठेवावी. काठावर जायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. सोबतची फांदी घेऊन आपण स्वतः जावे. हाताखालच्या माणसाला पाठवू नये. तिचे दोन भाग करावेत. एक विवराकडे तोंड करून वाहावा आणि म्हणावे, "पेले, हे तुझं. आधी तू, मग आम्ही." आपल्या भाषेत म्हटले तरी चालेल, आत्या म्हणते तिला सगळ्या भाषा कळतात. शिट्टी खिशात ठेवावी. दुसरा भाग घेऊन थेट आमच्या घरी यावे, चर्चच्या मागचे हिरवे दार. तो आत्याच्या हातात आपण द्यायचा आहे, मी नाही. या अर्जाला लेखी उत्तर नको, तेवढा वेळ आमच्याकडे नाही.

ती आभार मानणार नाही. वारा कुठल्या बाजूचा होता, एवढेच विचारील. नजर अधू झाल्यापासून प्रत्येकाला तेच विचारते. तेव्हा तिथे उभे असताना नीट बघून यावे.

आपल्याशी नम्रपणे बोलण्याची शिकस्त केलेली,

हारिएट काआइहुए
(सही)

सोबत : ओहेलोची फांदी, एक, ओल्या फडक्यात गुंडाळून. अर्जदाराच्या परसातली आहे, संरक्षित क्षेत्रातली नाही. फायलीला लावू नये. वाटेत खाऊ नये.