श्री. खारलांपी जुरोव यांनी पुरस्कार नाकारलेला नाही, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष महोदया,
‘रौप्य चंडोल’ चित्रपट पुरस्कार समिती,
सोफिया.

विषय: पुरस्काराच्या वेळी श्री. जुरोव मंचावर न येता सभागृहाच्या तळघरात पाइप धरून उभे होते, त्यास ‘नकार’ समजू नये याबाबत.

संदर्भ: १) पुरस्कार नियमावली, नियम १४ (ब).
२) आपले दोन ओळींचे पत्र, दि. ९ जानेवारी २०२३.

महोदया,

१. अर्जदार श्रीमती दाफिन्का स्तामातोवा, वय ६६, राहणार प्लोवदिव, ही अडतीस वर्षे चित्रपटांत रंगभूषा करीत आहे. श्री. खारलांपी जुरोव यांच्या अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस चित्रपटांत तिने त्यांना म्हातारे केले, आजारी पाडले आणि एकोणीस वेळा मारले. त्यांचे व अर्जदाराचे नाते रंगभूषेच्या खुर्चीपुरते आहे. आपल्या कार्यालयातील एका गृहस्थांनी फोनवर हसत हसत याविषयी जे विचारले, त्याचे उत्तर ‘नाही’ असे नोंदवावे. श्री. जुरोव यांना या अर्जाची कल्पना नाही. असती तर हा अर्ज आपल्यापर्यंत पोहोचला नसता.

२. श्री. जुरोव यांचे नाव या पुरस्कारासाठी यापूर्वी सहा वेळा अंतिम यादीत आले व सहाही वेळा ते टाळ्या वाजवून घरी गेले. १९८६ साली त्यांनी सहकारी शेतीच्या गोदामातील चोरट्या भांडारपालाची भूमिका केली होती. तेव्हाच्या समितीचे म्हणणे पडले की, आपल्या देशातील भांडारपाल चोरी करीत नाहीत, त्यामुळे हा अभिनय नसून बदनामी आहे. २००३ साली पुरस्कार वीस किलो वजन घटवलेल्या नटास गेला. त्यावर श्री. जुरोव एवढेच म्हणाले, “मीही घटवलं असतं गं, पण भूमिका खानावळवाल्याची होती.” २००९ साली त्यांच्याच चित्रपटातील कुत्र्यास विशेष उल्लेख मिळाला. कुत्रा गुणी होता, त्याविषयी अर्जदाराची तक्रार नाही.

३. मात्र १९९४ सालच्या प्रकाराबद्दल तक्रार आहे. त्या वर्षी श्री. जुरोव यांनी डोंगरातल्या एका बहिऱ्या होत चाललेल्या मधपाळाची भूमिका केली. त्यासाठी ते एक उन्हाळाभर पोळ्यांपाशी राहिले व चौदा डंख खाऊन आले. त्यांपैकी तीन नाकावर होते व ते झाकण्याचे काम अर्जदाराने केले. समितीच्या त्या वर्षीच्या टिपणात त्यांच्या नावापुढे लिहिले आहे: ‘खराखुरा मधपाळ दिसतो. व्यावसायिक नट नसल्याने विचार करू नये.’ हे टिपण समितीच्याच एका निवृत्त टंकलेखिकेने अर्जदारास दाखवले. पुढल्या फेब्रुवारीत, मधपाळांचे रक्षक मानल्या जाणाऱ्या संत खारलांपींच्या दिवशी, मधपाळांच्या संघाने त्यांना ‘उत्कृष्ट मधपाळ’ म्हणून बोलावले आणि गळ्यात माळ घातली. त्यांच्याकडे एकही मधमाशी नाही हे सांगायला ते उठले होते, परंतु लोक इतके आनंदात होते की ते तसेच खाली बसले.

४. आता मूळ विषय. दि. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी सहा वाजता प्लोवदिव येथील कामेन सभागृहात यंदाचा समारंभ होता. दृष्टी जात चाललेल्या बसचालकाच्या भूमिकेसाठी श्री. जुरोव यांचे नाव सातव्यांदा यादीत होते. त्याच दिवशी गावाबाहेर त्यांचे दुसऱ्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. त्यात ते प्लंबर झाले होते. ते संपायला पाच वाजले. “दाफिन्का, निदान तोंड तरी धुऊ दे,” असे ते म्हणाले. अर्जदाराने उत्तर दिले, “गाडी उभी आहे. तिथं जाऊन धुवा.” हे वाक्य अर्जदाराचे आहे. पुढे जे घडले त्यात समितीचा जेवढा दोष आहे तेवढाच या वाक्याचाही आहे, हे ती प्रामाणिकपणे मान्य करते. त्यांच्या नखांतले काळे, कपाळावरचा गंज आणि कोपरावरचा जुना भाजल्याचा डाग हे सर्व तिने सकाळी दोन तास बसून केले होते. काम चांगले झाले होते.

५. सभागृहाशी उतरल्यावर अर्जदार त्यांचा काळा कोट इस्त्री करून घेण्यासाठी पुढच्या दाराने आत गेली. निळ्या डांगरीतल्या श्री. जुरोव यांना पाहुण्यांसमोरून जायचा संकोच वाटला, म्हणून हात-तोंड धुण्यासाठी ते मागच्या दाराकडे वळले. मागच्या दारात सभागृहाचे व्यवस्थापक श्री. स्पास गेर्गिनोव उभे होते. त्यांनी श्री. जुरोव यांच्या दंडाला धरले. संभाषण दोघांकडूनही अर्जदाराने वेगवेगळे ऐकले आहे व ते जुळते:

“आलात का मिस्त्री! तासभर झाला फोन करून. चला, आधी खाली चला. वर सगळी सुटाबुटातली माणसं जमलीत आणि खाली माझं तळघर पोहतंय!”

“कुठला पाइप?” श्री. जुरोव यांनी विचारले.

६. महोदया, ‘मी मिस्त्री नाही’ हे तीन शब्द त्यांना का उच्चारता आले नाहीत, असा प्रश्न आपल्या पत्रात आहे. अर्जदारानेही तो रागारागाने त्यांना विचारला. ते म्हणाले, “अगं, वर जाऊन सातव्यांदा टाळ्याच वाजवायच्या होत्या. खाली तो माणूस रडायच्या बेतात होता. आणि माझ्याकडं त्यानं ज्या विश्वासानं पाहिलं ना, तसं कुठल्या परीक्षकानं कधी पाहिलं नाही.”

७. तळघरात गरम पाण्याच्या पाइपचा सांधा सुटला होता व घोट्यापर्यंत पाणी होते. भूमिकेसाठी श्री. जुरोव पंधरा दिवस एका प्लंबरबरोबर हिंडले होते. तेवढ्या ज्ञानावर त्यांनी सांध्याभोवती पोते आवळले, पान्याने तो दाबून धरला आणि खरा माणूस येईपर्यंत सेहेचाळीस मिनिटे सोडला नाही. श्री. गेर्गिनोव शेजारी कंदील घेऊन सूचना देत होते. “अजून जरा डावीकडं, मिस्त्री. तुम्ही लोक डावीकडं बघतच नाही.” सहा वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास छतातून टाळ्यांचा मोठा गडगडाट झाला. श्री. गेर्गिनोव वर पाहून म्हणाले, “मिळालं वाटतं कुणाला तरी.”

“मिळालं असेल,” श्री. जुरोव म्हणाले. “तो बारका पाना द्या.”

८. त्या टाळ्या त्यांच्यासाठी होत्या. अर्जदार दुसऱ्या रांगेत, मांडीवर इस्त्रीचा कोट घेऊन, रिकाम्या खुर्चीशेजारी बसली होती. नाव पुकारले गेले आणि सारे सभागृह उभे राहिले. छत्तीस वर्षे ज्यांनी त्यांना डावलले त्यांपैकी काही जणही उभे राहिले, हे तिने पाहिले. अर्जदार ओरडली, “थांबा! आहेत ते! हात धुवायला गेलेत!” लोक हसले. सूत्रसंचालकांनी घड्याळ काढले. तीन मिनिटांनी नियम १४ (ब) मोठ्याने वाचण्यात आला: जो पूर्वसूचना न देता तीन मिनिटांत मंचावर येत नाही, त्याने पुरस्कार नाकारला असे समजावे. मग दुसऱ्या क्रमांकाचे श्री. यासेन मिंचेव, वय २७, यांना बोलावण्यात आले. ते पोर मयतीला निघाल्यासारखे पायऱ्या चढले. खाली तेवढ्यात खरा प्लंबर आला होता. त्याने श्री. जुरोव यांना विचारले, “तुम्ही कुठं असता?” ते खरे बोलले, “सिनेमात.” प्लंबर म्हणाला, “बरं आहे. थेटरात संडास कमी तुंबतात.”

९. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आले: ‘जुरोव यांनी पुरस्कार झिडकारला.’ त्यानंतर श्री. जुरोव यांच्यावर जे ओढवले ते असे. विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाचे फलक काढले. त्यांच्या बंडाचे कौतुक करणारी सतरा पत्रे आली. दोन जुने दिग्दर्शक बोलेनासे झाले. तिसऱ्याने त्यांना बॉम्ब ठेवणाऱ्याची भूमिका देऊ केली. समितीला ठाऊक नसावे, परंतु या माणसाने आयुष्यात काहीही नाकारलेले नाही. दुसऱ्यांदा वाढलेले जेवणसुद्धा ते नको म्हणत नाहीत. ‘नाकारला’ हा शब्द वाचून ते तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. “मी नाही म्हणालो असं आईनं वाचलं असतं तर?” असे ते एकदा म्हणाले. त्यांच्या मातोश्री १९९१ सालीच वारल्या आहेत.

१०. चौथ्या दिवशी श्री. मिंचेव किराण्याच्या पिशवीत, कांद्याच्या पातीखाली, तो चांदीचा चंडोल घेऊन आले. अर्जदार तेव्हा श्री. जुरोव यांच्या स्वयंपाकघरात पाव कापत होती.

“काका, हे तुमचं आहे.”

“नाव कुणाचं कोरलंय?”

“माझं.”

“मग माझं कसं? खाली बस. घेवड्याचं सार गरम आहे.”

“तुम्ही घेतल्याशिवाय मी चमचा उचलणार नाही.”

सार निवू लागले. दोघेही हटवादी. शेवटी श्री. जुरोव उठले, काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला व म्हणाले, “बरं, दे. पण रीतसर दे.” श्री. मिंचेव यांनी उभे राहून त्यांचे नाव पुकारले आणि चंडोल त्यांच्या हाती दिला. कागद १९८६ सालचा होता. पहिल्या वेळी लिहिलेले भाषण त्यांनी सहाही समारंभांना खिशात नेले होते. त्यात पाच जणांचे आभार होते. एकेक नाव वाचताना ते थांबत होते, कारण त्यांपैकी चौघे आता नाहीत. पाचवे नाव रंगभूषेचे होते. त्या वेळी अर्जदाराने त्यांचे अवघे एकच काम केले होते. अर्जदाराने नंतर मोजले तर टेबलावर तिघांना पुरतील त्याच्या चौपट पावाचे तुकडे झाले होते. भाषण संपल्यावर त्यांनी चंडोल पुन्हा पिशवीत ठेवला, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आता जेव. आणि पुढच्या वेळी हातात घेताना असा मेलेला उंदीर धरल्यासारखा धरू नकोस.”

११. म्हणून अर्जदार चंडोल मागत नाही. तो योग्य घरी आहे. तिची मागणी फक्त ‘नाकारला’ हा शब्द समितीच्या नोंदवहीतून काढण्याची आहे. हीच मागणी तिने पूर्वीही कळवली होती; त्यावर आपण संदर्भ क्र. २ च्या पत्रात कळवले की, श्री. जुरोव यांना चुकून प्लंबर समजण्यात आले, असा व्यवस्थापकांचा लेखी जबाब सादर करावा. त्याशिवाय विचार होणार नाही.

१२. त्यानुसार अर्जदार श्री. गेर्गिनोव यांच्याकडे चार वेळा गेली. पहिल्या वेळी त्यांनी ऐकून घेतले व ते हसले. दुसऱ्या वेळी तिने चित्रपटांची भित्तिपत्रके नेली. भांडारपालाचे चित्र पाहून ते म्हणाले, “असल्या चोराशी तुमची ओळख कशी, बाई?” तिसऱ्या वेळी बसचालकाचा चित्रपट शेवटपर्यंत दाखवला. शेवटी ते डोळे पुसत म्हणाले, “बिचारा. ह्याला अजून बस चालवायला कशी काय देतात?” चौथ्या वेळी त्यांनी जबाब लिहून दिला. तो शब्दशः असा: ‘मी सव्वीस वर्षे या सभागृहात आहे. नटही पाहिले, प्लंबरही पाहिले. त्या संध्याकाळी माझ्या तळघरात उतरलेला माणूस प्लंबर होता. माझी काहीएक चूक झालेली नाही. नट असता तर मला कळले नसते काय?’

१३. आपणास हवा होता त्याच्या नेमका उलट हा जबाब आहे. अर्जदार तो फाडून टाकण्यासाठी घरी घेऊन आली. फाडण्यापूर्वी तिने एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग हा अर्ज लिहायला बसली. श्री. जुरोव यांनी सेहेचाळीस मिनिटे, कॅमेऱ्याविना, पुन्हा करून पाहण्याची सोय नसताना, हातभर अंतरावर कंदील धरलेल्या माणसासमोर जे काम केले, त्यावर आजवर मिळालेला हा एकमेव लेखी अभिप्राय आहे. समितीने तो चुकीचा पुरावा म्हणून घेऊ नये. परीक्षकाचे मत म्हणून घ्यावा, आणि मग नोंदवहीत कोणता शब्द लिहायचा ते ठरवावे.

उत्तर कृपया अर्जदाराच्या पत्त्यावर धाडावे, श्री. जुरोव यांच्या नव्हे.

रोज टपालपेटी उघडून पाहणारी,
दाफिन्का स्तामातोवा
रंगभूषाकार
प्लोवदिव, दि. ६ फेब्रुवारी २०२३

सोबत:
१) समितीच्या १९९४ सालच्या टिपणाची हस्तलिखित नक्कल.
२) श्री. स्पास गेर्गिनोव यांचा जबाब, मूळ प्रत. वाचून परत करावी, अर्जदारास ती चौकटीत लावायची आहे.