चित्र छान आलंय

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. पोरीची परीक्षा संपली, आता तिने घर डोक्यावर घेतलंय. ह्यांचा खोकला बरा आहे. पत्र ह्यांच्याच हाती पाठवतेय.

काल फोनवर तू म्हणालीस, "डॉक्टरांची सोमवारची वेळ रद्द करून टाकली. तूच म्हणालीस ना, चित्र छान आलंय!" मी नुसतं "बरं" म्हणाले. फोनवर तुझ्यापुढे माझी डाळ शिजत नाही, तू सगळं हसण्यावारी नेतेस.

चित्र छान आलं, हे खोटं नव्हे. आमच्या तपासणीच्या खोलीत छान म्हणजे स्पष्ट. तपासणीनंतर चपला घालता घालता तू माझ्या संगणकाच्या पडद्यात डोकावलीस. "अगं बाई, यकृत पार काळंकुट्ट! मधे मधे पांढरं आहे, तेवढं तरी शाबूत दिसतंय." मी हसले. का हसले, देव जाणे.

ताई, ते उलटं आहे. तुझ्या शिरेत मी तांबूस औषध सोडलं, त्यात लोखंडाचे कण होते, साध्या डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक. निरोगी यकृत ते गिळतं आणि आमच्या चुंबकाच्या यंत्रात काळं दिसतं. आजारी भागाला ते गिळता येत नाहीत, तो पांढराच राहतो. पाच ठिकाणी आहे.

हे सांगायचा अधिकार माझा नाही. अठरा वर्षं मी लोकांना "डॉक्टर सांगतील" म्हणत आले, जीभ कधी अडखळली नाही. तुझ्यापुढे दातखीळच बसली. नियम पाळला, अशी मनाची समजूत घालते, पण खरं म्हणजे मी घाबरले.

सोमवारी अकराची वेळ मी पुन्हा घेतलीय. मला वाट्टेल ते बोल, पण ये. पुढे काय, ते मला खरंच ठाऊक नाही. मला फक्त बटणं दाबता येतात गं.

आणखी एक. त्या दिवशी "ताई, हललीस, पुन्हा घ्यावं लागेल" म्हणत मी तुला तीनदा आत घातलं. तू बिचारी दर वेळी "चुकलं गं" म्हणत श्वास रोखून पडायचीस. तू हलली नव्हतीस. एकदा तरी ते डाग दिसणार नाहीत, म्हणून मीच पुन्हा पुन्हा बघत होते.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी धाकटी