आईच्या जागी आत्या

मांजलपूर, मंगळवार, ४ फेब्रुवारी १९९७

मिनूचं ते बोट काही डोळ्यांपुढून हलत नाही.

वहिनी वारल्यापासून दादाच्या या पोरीला मीच गोष्टी वाचून दाखवते. दादाची शिफ्ट संध्याकाळची. चित्रांची पुस्तकं इथे मिळतात ती गुजराती, मी बघत बघत मराठीत सांगते. खारीच्या पिल्लाला आई भरवते, आई थोपटते, असं आलं की मी ‘आत्या’ म्हणायची. पोर रडू नये म्हणून. की मलाच ऐकायला बरं वाटायचं म्हणून? तेही होतंच.

शाळेत तिची गुजराती अक्षरं शिकून झाली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आज वाचताना तिने मध्येच बोट ठेवलं.

“आत्या, इथे तर ‘मा’ लिहिलंय.”

“हो गं, चुकलं माझं.”

बोट तिथेच. मग कपाटाकडे बघत म्हणाली, “त्या सगळ्या चोपड्यांमध्ये पण आईच होती?”

हो म्हटलं. काय करणार?

तेव्हापासून एकेक पुस्तक काढून, ओळींवरून बोट फिरवत, आई शोधतेय. जेवायलाही उठली नाही.